कर्बवायूचा घरगुती जमाखर्च

दर वर्षीं ५ जून हा दिवस जगभर पर्यावरण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं आपल्याकडील शाळा उन्हाळ्याच्या सुटीमुळें बंद असतात, म्हणून आमच्या शाळेंत तो पंधरा दिवस उशिरां, पहिल्या पावसाच्या सुमारास साजरा होतो. गेल्या खेपेस त्या निमित्तानें भरविलेल्या चित्रफलकांच्या स्पर्धेंत परीक्षक म्हणून आम्हांस बसावें लागलें. विषय होता, ‘रोजच्या संवयींतून आपला कर्बभार कसा कमी कराल?’ एकंदर बासष्ट फलक आले होते. बहुतेकांवर पृथ्वीचा एक रडवेला चेहरा काढलेला असून तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवलेली होती; आणि खालीं उपाय म्हणून मोबाइलचा चार्जर भिंतींतून काढून ठेवावा, प्लॅस्टिकची पिशवी वापरूं नये, एक झाड लावावें, हीं तीन वाक्यें फिरून फिरून आलीं होतीं. चित्रें सुरेख होतीं. आम्हीं गुण दिले, बक्षिसें वांटलीं, टाळ्या झाल्या. आणि घरीं परततांना मनांत एक शंका उभी राहिली कीं, हा जो उपदेश आपण मुलांच्या तोंडून आपल्यालाच करवून घेतला, तो खरा आहे काय?

खोटा तो खासच नव्हता. परंतु उपदेश खरा असणें ही एक गोष्ट, आणि त्याला वजन असणें ही दुसरी. चिमूटभर मीठ वांचविण्याचा सल्ला देणारानें पोतें फाटलेलें आहे कीं काय, तें आधीं पाहावें. विज्ञान शिकविणारानें तरी अशा प्रश्नाचा निकाल चित्रांवरून न लावतां तराजूवरून लावला पाहिजे. म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यांत आम्हीं नववीच्या मुलांमुलींस एक एक वही घालावयास सांगितली. आणि त्या वह्यांनीं त्यांस जें शिकविलें त्याहून अधिक आम्हांस शिकविलें. तीच हकीगत येथें सांगावयाची आहे.

तत्पूर्वीं शब्दाविषयीं थोडें. ज्यास ‘कार्बन फूटप्रिंट’ म्हणतात, त्याचें मराठींत कोणी ‘कर्बपदचिन्ह’, कोणी ‘कर्बभार’ असें भाषांतर करतात. कॅनडांतील प्राध्यापक विल्यम रीस यांनीं १९९२ सालीं, माणसांच्या निर्वाहास किती भूमि लागते हें मोजण्यासाठीं पदचिन्ह हा शब्द योजिला. पुढें तो कर्बवायूस लागू झाला. त्याचा घरोघर प्रसार करण्यांत मात्र एका तेलकंपनीचा हात मोठा. ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीनें २००४ च्या सुमारास आपलें पदचिन्ह आपणच मोजण्याचें एक साधन लोकांपुढें ठेवलें. तेल विकणारानें गिऱ्हाइकास, ‘तूं किती तेल जाळतोस, जरा विचार कर’ असें सांगावें, यांतील विनोद कोणाच्याही ध्यानांत येईल. सगळा दोष घेणाराच्या माथीं आणि विकणारा मोकळा! हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण हिशेब कोणीं का शिकविला असेना, बेरीज बरोबर असली म्हणजे ती आपल्या उपयोगाचीच.

गोष्ट मुळांत रसायनशास्त्राची आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस, या सर्वांत मुख्य द्रव्य कर्ब. तो जळला म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होतो. यालाच आम्ही येथें कर्बवायु म्हणतों. हा वायु सूर्याचा प्रकाश आंत येऊं देतो, परंतु तापलेल्या भूमीकडून परत जाणारी उष्णता शोषून धरतो. त्याचा हा गुण जॉन टिंडल यांनीं १८५९ सालीं प्रयोगानें दाखविला, आणि हवेंत त्याचें प्रमाण वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचें गणित स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियस यांनीं १८९६ सालीं मांडलें. चार्ल्स कीलिंग यांनीं १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर हवा मोजण्यास आरंभ केला, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. ही कालपरवांची कोणाची कल्पना नव्हे, हें एवढ्यावरून कळेल.

वर्गांत मुलांस सर्वांत नवल वाटलें तें एका लहानशा गणिताचें. एक लिटर पेट्रोलाचें वजन पाऊण किलोच्या आंतबाहेर असतें. मग त्यापासून सवादोन किलोंहून अधिक कर्बवायु निघतो तो कसा? ‘सर, जेवढें घातलें त्याच्या तिप्पट बाहेर कसें येईल?’ असें पुढच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, आणि प्रश्न उत्तम होता. उत्तर असें कीं, कर्बाचा एक अणु प्राणवायूचे दोन अणु पकडतो. कर्बाचा अणुभार १२, प्राणवायूचा १६. म्हणून १२ भाग कर्बापासून ४४ भाग कर्बवायु होतो. अधिकाचें वजन आपण पंपावर विकत घेतलेलें नसतें, तें हवेंतून येतें. धूर म्हणजे कांहींतरी हलकें, ही जन्मापासूनची समजूत त्या दिवशीं वर्गांतून गेली. गाडींतून आपण रस्त्याभर जो अदृश्य ऐवज सांडत जातों, तो पोत्यांत भरून घरीं आणावा लागता, तर संवयी बदलण्यास कोणा उपदेशकाची गरज पडली नसती.

वहीसाठीं आम्हीं चार ठोकळ दर फळ्यावर लिहून दिले. विजेच्या एका युनिटास सुमारें ०.७ किलो कर्बवायु. कारण आपल्या देशाची वीज अद्यापि बहुतांशीं कोळशाचीच आहे. कोयनेचें पाणी आहे, सूर्याची व वाऱ्याची वीज वाढत आहे, तरी आपण बटन दाबलें कीं चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ यांपैकीं कोठें तरी भट्टींत कोळसा पडतो. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. पेट्रोलच्या लिटरास २.३ किलो, डिझेलच्या लिटरास २.७, आणि १४.२ किलो गॅसच्या सिलिंडरास सुमारें ४२. मुलांनीं रोज सकाळीं मीटरचा आकडा उतरून घ्यावयाचा, गाडींत पेट्रोल घातलें कीं तें लिहावयाचें, आणि महिनाअखेर बेरीज करावयाची, एवढेंच काम होतें. पहिल्याच आठवड्यांत तीन घरांहून चौकशी आली कीं, आमच्या विजेच्या बिलाशीं शाळेला काय कर्तव्य? त्यांची समजूत घालतांना आमची बरीच दमछाक झाली.

महिना भरल्यावर आम्हीं मुद्दाम त्याच मुलाच्या वहीपासून आरंभ केला, ज्याच्या चार्जरच्या फलकास आम्हींच पहिलें बक्षीस दिलें होतें. मोबाइल न लावतां नुसता भिंतींत राहिलेला नव्या धर्तीचा चार्जर एक पंचमांश वॅटच्या आसपास वीज खातो. वर्षभर रात्रंदिवस तो तसाच राहिला, तरी पावणेदोन युनिटें होतात. त्या मुलाच्या घरीं निजावयाच्या खोलींत दीड टनी एसी होता, आणि तो एका रात्रीस सरासरी सात युनिटें घेई. म्हणजे एका रात्रीची थंड झोप ही चार वर्षांच्या चार्जराबरोबर! मुलगा हुशार, त्यानें हा भागाकार स्वतःच फळ्यावर मांडला, आणि हातांत खडू घेऊन कांहीं वेळ तसाच उभा राहिला. आम्हीं त्यास दोष दिला नाहीं. दोष परीक्षकांचा होता.

तीच रात्र पंख्याखालीं काढली, तर जुना पंच्याहत्तर वॅटचा पंखाही दहा तासांत पाऊण युनिटच घेतो. नवे काटकसरी पंखे तीस वॅटांच्या आसपास चालतात. उन्हाळ्याच्या शंभर रात्रींचा हिशेब केला तर एसीचा कर्बवायु सुमारें पांचशें किलो, जुन्या पंख्याचा पन्नास. एसी लावूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. आजारी माणूस, वृद्ध माणूस, पत्र्याखालीं भाजून निघणारें घर, यांस थंडाव्याची खरी गरज आहे, आणि मे महिन्यांतील विदर्भाची एक रात्र ज्यानें काढली आहे तो याविषयीं वाद घालणार नाहीं. पण यंत्र १८ अंशांवर लावून वर रजई पांघरण्याची जी रीत पडली आहे, तिला काय म्हणावें? १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचें मूळ तपमान सरकारी नियमानें २४ अंश ठरलें आहे, आणि प्रत्येक अंश वर नेल्यानें सुमारें सहा टक्के वीज वांचते. खालीं नेणारें बोट मात्र आपलेंच असतें.

आतां याशेजारीं स्वयंपाकघर ठेवून पाहा. डाळ आधीं भिजत घालणें, भांड्यावर झांकण ठेवणें, कुकरला वाफ धरली कीं ज्योत बारीक करणें, अशा शंभर सावधगिरींनीं जी गृहिणी वर्षाकाठीं एक सिलिंडर वांचविते, ती ४२ किलो कर्बवायु वांचविते. एसीच्या नऊ रात्रींत तो सारा खलास होतो. आमच्या मातोश्रींच्या हातीं एकही चिंधी वांयां जात नसे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत, उरलेल्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडें येई, आणि आंघोळीचें पाणी उन्हांत ठेवलेल्या घागरींतून येई. वीस लिटरांची बादली वीस अंशांनीं तापविण्यास अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज लागते, हें त्यांस ठाऊक नव्हतें. ऊन फुकट असतें, एवढें ठाऊक होतें. काटकसरीचा सारा भार चुलीपाशीं उभ्या असलेल्या स्त्रीवर, आणि सुखाचा सारा खर्च दिवाणखान्यांत व पोर्चमध्यें, ही वांटणी आम्हांस न्यायाची वाटत नाहीं. आणि संवयींवरील व्याख्यानें बहुधा स्वयंपाकघरांतच दिलीं जातात.

आतां त्या वहीविषयीं, जिच्यासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों.

वर्गांतील एक मुलगी गांवाबाहेरील वस्तींतून तीन किलोमीटर पायीं येते. वडील हातगाडीवर भाजी विकतात, आई चार घरचें धुणेंभांडें करते. आम्हीं छापून दिलेल्या तक्त्यांत आठ रकाने होते: वीज, गॅस, मोटार, मोटरसायकल, विमान, एसी, गीझर, धुण्याचें यंत्र. तिच्या वहींत त्यांपैकीं सहा रिकामे. विजेच्या रकान्यांत महिन्याचीं सत्तावीस युनिटें. गॅसच्या रकान्यांत एक सिलिंडर तीन महिने पुरतो अशी टीप, कारण भाकरी व आंघोळीचें पाणी बाहेरच्या चुलीवर, काटक्यांवर होतें. वह्या गोळा झाल्या तेव्हां तिनें आपली वही गठ्ठ्याच्या तळाशीं सरकविली, आणि तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन म्हणाली, ‘सर, आमच्या वहींत लिहिण्यासारखें कांहींच नाहीं. गुण जातील का?’ ‘नाहीं बाळ, जाणार नाहींत,’ असें सांगून आम्हीं तिला वाटेस लाविलें.

रात्रीं ती वही उघडली. शेवटच्या पानावर ‘मी काय कमी करीन’ असा मथळा आम्हींच घालून दिला होता. त्याखालीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें, ‘मी रात्रीं अभ्यासाचा दिवा अर्धा तास लवकर मालवीन.’

आम्हीं हिशेब केला. नऊ वॅटचा दिवा अर्धा तास: साडेचार वॅट-तास. कर्बवायु तीन ग्रॅम, अर्ध्या खडूचें वजन. पृथ्वीच्या कपाळावरची पट्टी ओली ठेवण्यासाठीं आमच्या शाळेनें एका मुलीकडून तिचा अर्ध्या तासाचा अभ्यास मागितला होता, आणि तिनें तो निमूटपणें देऊं केला होता. त्याच आठवड्यांत पांचशें किलोंच्या घरांतील मुलानें चार्जर काढण्याचें वचन दिलें होतें, आणि वर्गाच्या दृष्टीनें दोघांचीं वचनें सारखींच. आम्हीं लाल शाईनें त्या ओळीखालीं लिहिलें, ‘दिवा मालवूं नये.’ शिक्षकाच्या पेशांत आम्हीं लिहिलेल्या शेऱ्यांपैकीं फार थोडे इतके विचारपूर्वक लिहिलेले असतील.

‘कमी करा’ हा शब्द सर्वांस उद्देशून एकाच पट्टींत म्हणतां येत नाहीं, हें आमचें मत त्या रात्रीं बनलें. आपल्या देशांत दरडोई वर्षाला सुमारें दोन टन कर्बवायु पडतो; जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक, आणि अमेरिकेची चौदा टनांच्या आसपास. या आंकड्यांवर बोट ठेवून आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित मंडळी समाधान मानतात कीं, दोष तिकडचा. त्यांत तथ्य आहे. परंतु दोन टन ही सरासरी आहे, आणि सरासरी ही मोठी लबाड वस्तु. भाजीवाल्याच्या झोंपडीच्या आश्रयानें बंगलाही आपलें अंग चोरून घेतो. देशानें परदेशास जें विचारावें, तेंच झोंपडीनें बंगल्यास विचारलें तर आपण काय उत्तर देणार?

म्हणून आम्ही त्या घरच्या चुलीचें कौतुकही करणार नाहीं. शहरांतील कांहीं लेखकांस गरिबांचें राहणें निसर्गानुकूल वाटतें. त्यांनीं त्या चुलीपुढें बसून भाकरी भाजून पाहावी. काटक्यांचा धूर त्या बाईच्या छातींत जातो, लेकरांच्या डोळ्यांत जातो. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें गरीब घरांत गॅसच्या जोडण्या गेल्या, हें चांगलें झालें. पुढचा सिलिंडर भरून घेण्याइतका पैसा हातीं राहील तर अधिक चांगलें होईल. त्या घरचा कर्बाचा आंकडा कमी व्हावयास नको आहे, वाढावयास हवा आहे: एक पंखा, एक शीतपेटी, तीन महिन्यांऐवजीं दीड महिन्यांत संपणारा सिलिंडर. जागा करून द्यावयाची ती आम्हीं, ज्यांच्या वहींत आठही रकाने भरलेले आहेत.

होय, आमच्याही वहींत. मुलांच्या वह्या तपासावयाच्या आणि स्वतःची झांकून ठेवावयाची, हें आम्हांस प्रशस्त वाटेना, म्हणून आम्हीं ती वर्गापुढें वाचली. शाळेपासून आमचें घर दोन किलोमीटर. गेलीं अकरा वर्षें आम्ही तें अंतर मोटरसायकलवर, दुपारच्या जेवणासुद्धां दिवसांतून चारदां, तुडवीत आहों. त्याचा वर्षाचा कर्बवायु सुमारें पंचाहत्तर किलो. हें कांहीं मोठें पाप नव्हे. पण दोन वर्षांपूर्वीं आम्ही एका शैक्षणिक परिषदेसाठीं मुंबईहून दिल्लीस विमानानें गेलों व आलों, आणि जातांयेतां प्रत्येक वेळीं माणशीं सुमारें शंभर किलो कर्बवायु पडला. म्हणजे त्या दोन प्रवासांचें ऋण फेडण्यास अडीच वर्षांहून अधिक काळ पायीं शाळेंत जावें लागेल. आगगाडी होती, आम्हांस एक रात्र वांचवावयाची होती. परिषदेंतील आमच्या निबंधाचा विषय ‘शालेय जीवनांत पर्यावरण’ असा होता, हें सांगितल्यावर वर्ग खूप हंसला. नोव्हेंबरापासून आम्ही सकाळीं पायीं जातों. दुपारचा डबा बरोबर नेतों. संध्याकाळीं कधीं कधीं कोणाच्या तरी मागें बसून येतों. घरांतील एसी २०१९ च्या उन्हाळ्यांत घेतला. तो आतां २६ अंशांवर, पंखा लावून चालतो. याविषयीं घरांत एकमत झालेलें नाहीं.

प्लॅस्टिकच्या पिशवीसंबंधीं एकच शब्द. महाराष्ट्रांत २०१८ सालीं तिच्यावर बंदी आली ती योग्यच. तिनें नाले तुंबतात, गाईंच्या पोटांत गोळे होतात. पण तो प्रश्न वेगळा, कर्बाचा वेगळा. कापडी पिशवी खांद्यावर टाकून मोटारींतून भाजी आणावयास जाणाऱ्यानें या दोहोंची गल्लत करूं नये.

अन्नाची गोष्ट मात्र हिशेबांत घ्यावयास हवी, आणि तींत आमचें बोर्डिंग दोषी आहे. एका रविवारीं जेवणानंतर ताटांत टाकलेलें अन्न आम्हीं मुलांसमक्ष तोललें. अकरा किलो भरलें. त्या भातामागें शेतकऱ्याच्या पंपाची वीज, खत, गिरणी, लॉरी, गॅस एवढें सगळें जळलेलें असतें. पुढें तें उकिरड्यावर दडपलें गेलें म्हणजे हवा न लागतां कुजतें, आणि त्यांतून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या मोजणीनें हा वायु वजनास वजन कर्बवायूच्या सुमारें अठ्ठावीस पट तापविणारा. आतां पहिल्या वाढीस अर्धीच वाटी भात पडतो, लागेल त्यानें पुन्हां मागावा. उरलेलें विहिरीमागच्या खड्ड्यांत पालापाचोळ्याबरोबर थरानें टाकलें जातें, व आठवड्यांतून एकदां तें खालवर करून त्यास हवा दिली जाते. स्वयंपाकीणबाईंचें म्हणणें, हें त्या पूर्वींपासून सांगत होत्या.

इमारतीविषयीं लिहावें कीं न लिहावें, असा आम्हांस संकोच होता. आमच्या शाळेचा जुना भाग दगडी, दोन फूट जाडीच्या भिंतींचा, उंच छपराचा, भोंवतीं पडवी असलेला आहे. वर मंगळुरी कौलें. हीं कौलें बाझल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कारखाना काढून करण्यास आरंभ केला, आणि पश्चिम किनाऱ्यानें तीं सर्वत्र पसरलीं. एप्रिलच्या दुपारींही त्या वर्गांत पंख्यावर भागतें. नवी संगणकाची खोली मात्र गच्चीखालीं, पश्चिमेस कांचांच्या मोठ्या खिडक्या ठेवून बांधली गेली. ती तापते, म्हणून तिला दोन एसी लागले. ते लागले म्हणून खिडक्या कायमच्या बंद झाल्या. येथें विद्यार्थ्यांच्या संवयी सुधारून काय होणार? संवय येथें नकाशा काढणाराच्या पेन्सिलींत होती.

यावरून एक आक्षेप निघतो, आणि तो आमच्या एका सहकाऱ्यांनीं काढलाही. एका घरानें, एका शाळेनें कांहीं केल्यानें चंद्रपूरची भट्टी विझत नाहीं. मग हा सारा खटाटोप कशाला? विझत नाहीं, हें खरें. घरगुती संवय ही एकट्यानें फार थोडी बदलते. तिला बाहेरून दार उघडून द्यावें लागतें. पिंवळ्या तारेचे साठ वॅटचे दिवे आपल्या घरांतून गेले, ते कांहीं आपण सद्गुणी झालों म्हणून नव्हे. जानेवारी २०१५ मध्यें सुरू झालेल्या उजाला योजनेनें नऊ वॅटच्या आसपासचा एलईडी दिवा सामान्य माणसाच्या आवांक्यांत आणला, आणि असे ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले. सोपी, स्वस्त वस्तु समोर आली, आणि संवय आपोआप तिच्या मागून गेली. तेव्हां विद्यार्थ्यास ‘तूं बदल’ म्हणण्यापूर्वीं त्याच्या वाटेंतील दार कोणतें बंद आहे, हें शाळेनें पाहावें; आणि आमच्या शाळेच्या बाबतींत असें एक दार आम्हांस सांपडलें आहे.

नववीच्या एकाच तुकडींतील नऊ मुलें रोज मोटारीनें येतात. तीं बहुतेक पूर्वेकडील नव्या वसाहतींतील, म्हणजे सरासरी चार किलोमीटरांवरचीं. मोटार मुलास सोडून परत जाते, संध्याकाळीं पुन्हां येऊन नेते: सोळा किलोमीटर, एक लिटर पेट्रोल. शाळेच्या दोनशें दिवसांचा कर्बवायु एका मोटारीस सुमारें ४६० किलो. त्याच रस्त्यानें बस जाते. लिटरास साडेचार-पांच किलोमीटर चालणारी, चाळीस माणसांची बस धरली, तर एका मुलाच्या वांट्यास वर्षाला पंचवीस किलोही येत नाहींत. शिवाय मूल बसो वा न बसो, बस जाणारच आहे. नऊ मोटारींचा फरक सुमारें चार टन. बासष्ट फलकांतील बासष्ट चार्जर वर्षभर भिंतींतून काढून ठेवले, तर शंभर किलोही वांचणार नाहींत.

मग हीं मुलें बसनें कां जात नाहींत? आम्हीं पालकांस विचारलें. आळस असेल, प्रतिष्ठा असेल, अशी आमची कल्पना होती. कांहींच्या बाबतींत ती असेलही. परंतु नवांपैकीं सहा घरांचें उत्तर एकच आलें. पूर्वेकडे जाणारी बस थांब्यावरून चार वाजून पन्नास मिनिटांनीं सुटते, आणि आमची शेवटची घंटा पांच वाजतां होते. पुढची बस साडेसहाची. मुलींस तोंवर रस्त्यावर कोण थांबूं देईल? मग संध्याकाळीं मोटार न्यावयाचीच, तर सकाळींही नेलेली काय वाईट?

सबंध दिवस वीस मिनिटें अलीकडे ओढावा, प्रार्थना पावणेअकराऐवजीं दहा पंचविसास व्हावी आणि शाळा चार वाजून चाळीस मिनिटांस सुटावी, असा अर्ज आम्हीं डिसेंबरांत शाळासमितीकडे दिला आहे. त्यावर तक्रारी आहेत, आणि त्या खोट्या नाहींत. तालुक्याच्या दुसऱ्या टोंकाहून येणाऱ्या तीन शिक्षकांस आधींची गाडी धरावी लागेल. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरांत चूल लवकर पेटवावी लागेल. कार्यालयाचें म्हणणें, वेळापत्रक छापून झालें आहे. हें वार्षिक पालकांच्या व समितीच्या सभासदांच्या हातीं पडेल, म्हणून मुद्दाम हा मजकूर येथें घातला. समितीची बैठक अजून व्हावयाची आहे; तोंवर बस चार पन्नासास सुटते, आणि घंटा पांचाला होते.